नावाच्या जागी रेघ

बिश्केक, १४ सप्टेंबर २००३

अताके, तुम्हाला आणि एनेला सलाम.

बातमी आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पत्र शेवटाकडून वाचायला लागाल. तुमचा लेख स्वीकारला! कोक-बेलच्या कुरणावरचा, तोच. जर्मनीतल्या त्या नियतकालिकाच्या संपादकबाईंचं पत्र काल आमच्या संस्थेत आलं. दोन परीक्षकांनी वाचला. एकानं लिहिलंय, एकाच कुरणाकडे उभा जन्म टक लावून बसलेला असा माणूस आपण दुसरा पाहिला नाही. हे कौतुक आहे, अताके. लगेच भुवया चढवू नका.

आता घोडं कुठं अडलंय ते सांगते. संदर्भसूचीवर. आपण आयुष्यभर आकडे टाकत आलो, लेखात ज्याचा उल्लेख आधी त्याचा नंबर आधी. त्यांना ते चालत नाही. त्यांना आधी आडनाव हवं, मग आद्याक्षर, मग साल, मग शीर्षक, पुस्तकाचं नाव तिरक्या अक्षरात, आणि सगळी यादी अक्षरांच्या क्रमानं. स्वल्पविराम इकडचा तिकडे झालेलाही खपत नाही म्हणे. दिवसभर ग्रंथालयात मी लोकांच्या याद्याच नीट करत बसते, तेव्हा हे काम माझ्यावर सोडा. जिथे पान किंवा साल मिळालं नाही तिथे पेन्सिलीनं खूण केली आहे, तेवढं तुमच्या कपाटातून बघून कळवा.

तुमचे स्वतःचे जुने लेखही यादीत आहेत. तिथे नावाच्या जागी मी नेहमीसारखी रेघ ओढली आहे. तुमच्या हातानं, शाईनं भरा. मग आमच्याकडची नुरगुल टाईप करेल. ती मला हसते. म्हणते, तुझ्या सासऱ्याचं नाव तुझ्यापेक्षा मलाच जास्त पाठ झालंय. हसू दे.

तुमचा मुलगा नोवोसिबिर्स्कला बरा आहे. बाजारात काम फार असतं म्हणून फोन कमी येतो. तुम्हा दोघांना सलाम सांगितलाय.

कागद राइम ड्रायव्हरच्या हातून पाठवते आहे. पाकिटावर नाव लिहिलेलं नाही. त्याला घर माहीत आहे.

तुमची सून,
असिलकान

*

अत-बाशी, २७ सप्टेंबर

पोरी,

पत्र शेवटाकडूनच वाचलं. त्यामुळे आधी जोमार्तचा सलाम मिळाला आणि मग जर्मनीचा. बाप म्हणून क्रम बरोबर झाला.

तुझ्या एनेला बातमी सांगितली. ती म्हणाली, "तिकडे आपलं गवत नाही, आपल्या मेंढ्या नाहीत, मग वाचणार कोण?" मी म्हटलं, परीक्षकानं वाचला. तर म्हणते, "त्याला पगार मिळत असेल." या बाईबरोबर मी इतकी वर्षं काढली, तो परीक्षक मात्र माझ्या कुरणाकडे बघण्याचं कौतुक करतोय.

आडनाव आधी आणि माणूस मागून, ही रीत मला पटली नाही. सैन्यात असताना असंच ओरडायचे. पण नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नये, म्हणतील तसं कर. खुणा केल्या होत्यास तिथली पानं भरली आहेत. कार्पेन्कोच्या पुस्तकाचं साल तू बरोबर धरलंस. बिचारा कार्पेन्को. तंबूत माझ्या शेजारी घोरायचा आणि सकाळी उठून माझ्याच नोंदी आपल्या नावावर मांडायचा. चांगला माणूस होता, फक्त दुसऱ्याच्या नि आपल्या ताटात फरक करायचा नाही.

रेघांवर नाव भरलं. पण ऐक. तुला या घरात येऊन बारा वर्षं होतील. हा कागद आहे, चूल नाही. कागदावर सासऱ्याचं नाव लिहिलंस म्हणून डोंगर खाली येणार नाहीत. माझी परवानगी आहे. तुझ्या एनेची घ्यायला जाऊ नकोस. मागे दवाखान्यात नर्सनं तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तर म्हणाली, "ज्याच्या घरात मी राहते तो." नर्सनं तसंच लिहून घेतलं.

सोबत घरच्या दह्याच्या गोळ्या, कुरुत, पाठवतो आहे. या वेळी खारट जास्त झालंय. सुकवताना ती भांडत होती.

अता

*

बिश्केक, ९ ऑक्टोबर

अताके,

कुरुत मिळालं. नुरगुलनं अर्धं संपवलं. तिला दिवस गेलेत, तिला सगळं खारटच हवं असतं.

परवानगी दिलीत, पण मला ती नको. तुम्ही हसाल, हसा. लग्नात एनेनं माझ्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला आणि कानात सांगितलं, की घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषांची नावं आजपासून तुझ्या जिभेवर येणार नाहीत. मी तेव्हा विद्यापीठातून नुकती बाहेर पडले होते, मला हसू आलं होतं. पण त्याआधी माझ्यावर कुणी काही बंधन घालावं असं घरच मला नव्हतं. वडिलांचा चेहरा आठवत नाही. आई मावशीकडे टाकून गेली. 'अता' म्हणायला माणूस मला तुमच्या दारात मिळाला. शहरात राहून मी बाकी काय पाळते? भाकरी बाजारची आणते, रुमाल सणाला बांधते. ही एकच गोष्ट हातात राहिली आहे, ती राहू द्या.

यादी जवळजवळ झाली. तीन ठिकाणी शंका आहेत, त्या मागच्या पानावर लिहिल्यात. तेवढं कळवलंत की लेख पाठवून मोकळी होते.

तुमचा मुलगा बरा आहे.

असिलकान

*

अत-बाशी, २ नोव्हेंबर

पोरी,

उत्तराला उशीर झाला. घरात पाहुणे आले होते, लांबचे. मेंढा कापला, शेजारीपाजारी आले, तीन-चार दिवस माणसांतच गेले. तुझी एने दमली आहे. तिनं तुला सलाम सांगितला. दोनदा सांगितला.

तुझ्या शंकांची उत्तरं सोबत आहेत. आणि कागद पुन्हा चाळताना मला वाटलं, यादी अपुरी आहे. पूर्वीच्या मोहिमांचे अहवाल राहिले, बियाण्यांवरचं पुस्तक राहिलं. त्यांचे संदर्भ नव्यानं घातले आहेत. घाईत लिहिलं, तपासून घे. काही सापडलं नाही तर विचार. लगेच नको पाठवूस. जर्मन लोक थांबतील.

तुझ्या खोलीत ऊब आहे का? मागच्या हिवाळ्यात खिडकीतून वारा यायचा म्हणाली होतीस. खातेस काय? एकट्या माणसाला चूल पेटवायचा कंटाळा येतो, तो करू नकोस. पैशाची अडचण असेल तर मला सांग, दुसऱ्या कुणाला नको.

अता

*

बिश्केक, १९ नोव्हेंबर

अताके,

रागावणार नसाल तर एक विचारते. तुमची तब्येत बरी आहे ना?

तुम्ही घातलेले नवे संदर्भ मी एकेक काढून पाहिले. बियाण्यांच्या पुस्तकाचं साल तुम्ही चुकीचं लिहिलंय, आणि ते पुस्तक तुमचं स्वतःचं आहे. एका अहवालाची पानं उलटी आहेत, शेवटचं आधी आणि पहिलं नंतर. एक लेख असा आहे की त्या अंकात तो नाहीच. कुठल्या गवताची पात कुठल्या उतारावर, हे झोपेतही सांगणारा माणूस तुम्ही. नारिनला जाऊन डॉक्टरला दाखवा. एनेला सोबत न्या. नाव सांगायचं झालं तर तुम्हीच सांगा.

चुका सगळ्या दुरुस्त केल्या आहेत, पण तुमच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय पाठवणार नाही. रेघाही आहेतच भरायच्या.

सोबत बूट आहेत, आतून लोकर लावलेले. तुमच्या मुलानं नोवोसिबिर्स्कहून पाठवले, मागच्या आठवड्यात आले. म्हणाला, अताच्या पायांना थंडी वाजत असेल.

असिलकान

*

अत-बाशी, ७ डिसेंबर

पोरी,

बूट मिळाले. पायात आहेत, त्यातच बसून लिहितो आहे. माझा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे, घोड्यावरून पडलो होतो तेव्हापासून. हे घरात तुझ्याखेरीज कुणाच्या ध्यानात राहिलेलं नाही. डाव्या बुटाला आतून जागा करून घेतलेली दिसते. माझ्या मुलाला सांग, म्हणावं, ज्यानं हे बूट निवडले त्याला तुझ्या बापाची दुवा पोचली.

डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरकडे जाणार नाही. छातीत कधी कधी घोडा टापा मारतो, पण त्याला वय झालं म्हणतात, आजार नाही.

यादी पाहिली. तुझं बरोबर आहे, माझंच चुकलं. पण आता बघ, पान तीनवरच्या दोन संदर्भांबद्दल मला शंका आहे. ते मी बदलले आहेत. तू पुन्हा तपास. आणि तपासून झालं की मला लिही, काय सापडलं ते सविस्तर लिही. थोडक्यात नको. तुझं पत्र आलं की तुझी एने मला मोठ्यानं वाचायला लावते. संदर्भांचे आकडेसुद्धा सोडू देत नाही.

दोलोनच्या घाटात बर्फ साठतंय. राइम म्हणतो अजून एक-दोन खेपा होतील, मग रस्त्याचा भरवसा नाही.

अता

*

बिश्केक, २६ जानेवारी २००४

अताके,

हे पत्र पुरतं वाचा आणि मगच काय ते म्हणा. या वेळी तरी सुरुवातीपासून वाचा.

आधी लेखाचं. नववर्षाच्या सुट्टीत संस्था बंद होती आणि संपादकबाईंनी दिलेली शेवटची तारीख तेव्हाच होती. नुरगुल बाळंतपणाला आईकडे गेली. तुम्ही रेघांवर नाव भरलेला कागद माझ्यासमोर होता. फक्त बघून टाईप करायचं होतं. मी बोटं टेकवली आणि उचलली, टेकवली आणि उचलली. पहारेकऱ्याला बोलावलं, तर तो म्हणाला, "माझ्या हातून यंत्र बिघडलं तर नोकरी जाईल." शेवटी मी लेख रेघांसकट पाठवून दिला. वाटलं, लेखाच्या डोक्यावर तुमचं नाव आहेच, खाली त्याच माणसाचं हे कुणालाही कळेल.

मागच्या आठवड्यात छपाईची मुद्रितं आली. त्यांच्या रीतीत, अताके, नावाच्या जागी रेघ असली तर तिचा अर्थ होतो, वरच्या ओळीतला लेखक तोच. आणि अक्षरांच्या क्रमानं तुमच्या वरच्या ओळीत कोण आहे? कार्पेन्को. बाईंनी प्रेमानं लिहिलंय, की तुमच्या रेघा आम्ही भरून टाकल्या आहेत. तुमचे कुरणाचे लेख, चराईचे अहवाल, बियाण्यांचं पुस्तक, तरुणपणापासूनचं सगळं कार्पेन्कोचं झालं. त्याला जन्मभर जे पूर्ण साधलं नाही ते मी एका रेघेनं करून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुरुस्ती गुरुवारपर्यंत द्यायची होती. घाट बंद. तुमच्याकडे कागद पाठवायला वेळ नव्हता. शेजारच्या खोलीतल्या कुणालाही सांगितलं असतं तर त्यानं लिहून दिलं असतं. मी उठले, दारापर्यंत गेले. आणि तिथे माझ्या मनात आलं, की मी हे कोणत्या नात्यानं सांभाळते आहे?

जूनमध्ये कोर्टात आमचं लग्न मोडलं, अताके. तुमच्या मुलानं मागितलं, मी सही केली. तिकडे त्याचं दुसरं घर आहे, बाई आहे, मूल आहे. मला मूल झालं नाही, तुम्ही आणि एनेनं त्यावरून कधी एक शब्द काढला नाहीत. तो बोलला नाही, पण गेला. त्याचे फोन येत नव्हते. सलाम मीच लिहीत होते. बूट मी घेतले.

मी परत येऊन खुर्चीत बसले आणि लिहिलं. कोजोगेल्दियेव, स्वल्पविराम, ओ, टिंब. पहिल्यांदा लिहिताना वाटलं, एने मागे उभी आहे. मग पुढची ओळ, पुन्हा तेच नाव. मग त्याच्या पुढची. शेवटी शेवटी हात सरावला, भराभरा लिहायला लागला, आणि मला सर्वांत जास्त रडू त्याचंच आलं.

यादी आता बरोबर आहे. लेख एप्रिलमध्ये छापून येईल. रेघा मी केवळ रीत म्हणून ठेवत होते असं तुम्हाला सांगत आले, पण त्यात दुसरंही काही होतं. रेघा होत्या तोवर कागद तुमच्याकडे जायलाच हवा होता आणि तुमच्याकडून यायलाच हवा होता. आता कामच संपलं. मोडलेल्या लग्नाच्या सुनेनं सासऱ्याला कशावरून पत्र लिहायचं, ते मला माहीत नाही.

माफ करा. बारा वर्षं मला तुमच्या घरात ऊब होती.

असिलकान

*

अत-बाशी, २१ फेब्रुवारी

पोरी,

सुरुवातीपासून वाचलं. मग पुन्हा वाचलं. एनेला वाचून दाखवताना तुझं ते नाव लिहिल्याचं आलं, तेव्हा ती उठून गोठ्यात गेली आणि बराच वेळ आली नाही.

मला माहीत होतं. ऑक्टोबरात आलेले ते लांबचे पाहुणे म्हणजे जोमार्तच. बाईला आणि मुलाला घेऊन आला, आशीर्वाद मागायला. नातू माझ्या मांडीवर बसला आणि त्यानं माझी दाढी धरली. काय करू? मी आशीर्वाद दिला. मेंढा त्यांच्यासाठीच कापला. ते जेवण तुझ्या पानातून ओढून घेतल्यासारखं लागलं, तरी जेवलो. तू बुटांचं पत्र पाठवलंस तेव्हा जोमार्त अजून इथेच होता, माझ्यासमोर बसून चहा पीत होता. मी त्याला म्हटलं, "नोवोसिबिर्स्कहून तू बूट पाठवलेस, बरं केलंस." त्यानं कपाकडे बघितलं आणि चहा संपवला. तो वाईट मुलगा नाही. मी त्याला धीट करायला हवं होतं. तो सगळं पाठ फिरवून करतो.

सून आता इथेच आहे. मेरिम नाव. त्यानं तिला आमच्याजवळ ठेवलं आणि तो परत गेला. मी तिच्यात खोट शोधली, खूप शोधली. चहा चांगला करते, म्हाताऱ्या माणसाशी मोठ्यानं बोलते, पोराला मारत नाही. खोट सापडली नाही याचंच मला दुःख झालं.

आता चुकांचं. साल मी चुकवलं. पानं मी उलटी केली. तो लेख त्या अंकात नाही हे मला तुझ्याआधी ठाऊक होतं. माझं डोकं शाबूत आहे, पोरी. यादी पुरी झाली की तू कागद पाठवणार, आणि मग तू मला कशाला लिहिशील? म्हणून मी बसून चुका घालत होतो. आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या चुका काढल्या, म्हातारपणी स्वतः पेरायला लागलो. सोपं नाही ते. तुझ्या नजरेला मुद्दाम केलेली वाटणार नाही अशी चूक करायला मला सगळी सकाळ लागायची.

तू रेघा ओढत होतीस, मी चुका पेरत होतो, आणि दोघंही मूग गिळून बसलो होतो.

एका गोष्टीवर मला तोड सुचेनाशी झाली होती. मी गेलो की अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहील. बायका आत बसतील, भिंतीकडे तोंड करून विलाप गातील. सुनेच्या जागी आता मेरिम बसणार, तो तिचा मान आहे. मग तू कुठे बसशील? या प्रश्नानं माझी झोप उडाली होती. आता उडत नाही. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मुलगी घेते. मुलगी तर बापाचं नाव जन्मभर आपल्या नावापुढे लावून फिरते. तू माझं नाव लिहिलंस, एकदा नाही, पानभर. रडत लिहिलंस म्हणून काय झालं? ते रद्द करता येत नाही. तू तंबूत मुलीच्या जागी बसशील. एनेला मी सांगून ठेवलं आहे.

लेख छापून आला की पाठव. आणि लिहीत जा. कशावरून लिहायचं म्हणून विचारलंस. ग्रंथालयात काम करतेस, कारण सापडेल.

अता

*

बिश्केक, २० एप्रिल

अताके,

आला! दोन प्रती आल्या, एक तुम्हाला पाठवते आहे. कागद एवढा गुळगुळीत की कार्पेन्को घसरून पडेल. यादी तुमचीच आहे, तुमच्या नावानं. मी बोटं फिरवून पाहिली.

तुमचं पत्र उशीखाली आहे. कितीदा लिहायला बसले. एवढंच लिहिते, की नुरगुलच्या मुलीला मांडीवर घेतलं तेव्हा पहिल्यांदाच मला रडू आलं नाही.

आता कारण. यादीत सोळाव्या ओळीत अहवालाचं शेवटचं पान चुकलं आहे. ही तुमची पेरणी आहे, अताके, आणि ती माझ्या हातून सुटून जर्मनीत उगवली! शुद्धिपत्र पाठवावं लागेल. बरोबर पान कळवा. थोडक्यात नको, सविस्तर कळवा.

घाट मोकळा झाला असेल. मेमध्ये मला सुट्टी मिळेल. तुम्ही बोलावलंत की निघेन. न बोलावता यायचा धीर होत नाही, घरात आता दुसरी चहा ओतते. पण तुम्ही बोलावलंत तर येईन.

असिलकान

*

अत-बाशी, १२ जून

असिलकान बाईंना सलाम.

हे पत्र मी मेरिम लिहिते आहे. एने सांगत आहेत, मी लिहिते. त्यांना लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या, सांगेन ते सगळं लिही, गाळू नकोस.

एने म्हणतात: पोरी, मेच्या पहिल्या आठवड्यात ———— गेले. (नाव एनेही घेत नाहीत, रेघ मी ओढली आहे. मी या घरची सून आहे, तुम्हाला सांगायला नकोच.)

सकाळी घोड्याला पाणी दाखवून आले, बाकावर बसले, आणि तसेच राहिले. पायात तुझे बूट होते. उन्हाळा आला तरी काढत नव्हते. जोमार्त दुसऱ्या दिवशी आला. मी म्हटलं, असिलला कळव. तो म्हणाला, "कोणत्या नात्यानं कळवू? लोक काय म्हणतील?" मी भांडले. पण तंबू उभा राहत होता, माणसं घोड्यांवरून रडत येत होती, आणि माझ्या हातात काही नव्हतं. तुला कळवलं नाही, पोरी. हे मला मरेपर्यंत सलत राहील.

तंबूत माझ्या उजव्या हाताला जागा ठेवली होती. बायका म्हणाल्या, सरक, दाटी झाली आहे. मी कुणाला बसू दिलं नाही. मेरिम दाराशी बसली. (कानामागून आली पण तिखट नाही झाली, हेही लिही म्हणतात, म्हणून लिहिते.)

तुझं ते छापलेलं पोचलं होतं. गावभर दाखवत फिरले. कुणाला वाचता येत नव्हतं, तर म्हणायचे, "हे बघ, ही ओळ, ही ओळ, सगळीकडे मीच आहे, आणि लिहिणारी माझी मुलगी." तुझं पत्र वाचून दिवसभर खूश होते. मला म्हणाले, "एक सापडली तिला. अजून एक आहे. शोधू दे. उद्या लिहितो." तो उद्या आला नाही.

आता कामाचं. दगड आणला आहे. कोरणारा नारिनहून येतो, तो म्हणतो नाव आणि सालं कागदावर लिहून द्या, मी माझ्या मनानं कोरणार नाही. जोमार्त परत गेला. माझ्या जिभेवर ते नाव कधी आलं नाही, आता काय येणार. ही पोर सून, ती ते लिहू शकत नाही. गावात लिहिणारे पुरुष आहेत, शाळेचा मास्तर आहे. पण ते मला सांगून गेले होते, की माझ्या नावाचं काम असिलकडे. तेव्हा तू लिहून पाठव. आणि स्वतः ये. बोलावलं नाही म्हणू नकोस, मी बोलावते आहे. जागा आहे.

एनेनं सांगितलं ते संपलं. आता माझं. मी तुमची जागा घेतली असं तुम्हाला वाटत असेल. त्यांच्या फडताळात तुमची सगळी पत्रं आहेत, मी धूळ पुसते, पण उघडली नाहीत. चहा ओततानाही ते कधी कधी मला तुमच्या नावानं हाक मारायचे. मी ओ द्यायचे.

मेरिम

*

बिश्केक, १८ जून

एने, आणि मेरिम,

राइमच्या हातून हा कागद येतो आहे. त्याच्या पुढच्या खेपेला मी येते. एने, तुझ्यावर माझा राग नाही. कुणावरच नाही, आत्ता तरी. मेरिम, ओ दिलीस ते बरं केलंस. त्यांना उत्तर न मिळालेलं खपायचं नाही.

तीन दिवस मी भिंतीकडे तोंड करून बसले, एकटीच. शेजारीण विचारायला आली कोण गेलं. मी नाव घेऊन सांगितलं. मोठ्यानं. मग तेच घेत राहिले.

दुसरी चूक मला सापडली. कुठे आहे ते सांगत नाही आणि शुद्धिपत्रही पाठवणार नाही. पहिलीचंही नाही. दोन्ही तशाच राहू देत.

दगडावर कोरायचं ते खाली लिहिलं आहे, जसंच्या तसं. आडनाव आधी नको, त्यांना ते आवडत नव्हतं. कारागिराला सांग, सवयीनं कुठे काही घालू नकोस. रेघ फक्त दोन सालांच्या मध्ये.

ओस्मोनकुल कोजोगेल्दियेव
१९२९ – २००४

असिलकान,
ओस्मोनकुलची मुलगी